पाळण्यातले नाव, दाखल्यावरचे नाव

(तिकोणा पेठ, पवन मावळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्यावर आलेला आहे. मागच्या वेळी इथेच, याच सभामंडपात बोलणे संपल्यावर एक तरुण जोडपे भेटायला आले. कडेवर आठ-दहा दिवसांची मुलगी. म्हणाले, "सर, बारसं दोन दिवसांवर आलंय. असं नाव सुचवा की आत्ता पाळण्यात गोड वाटेल आणि उद्या ही मोठ्या खुर्चीवर बसली तरी शोभेल." आम्ही हसलो आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला असला व्यवहार विचारू नये, असे काहीतरी बोलून सुटका करून घेतली. घरी गेल्यावर मात्र झोप लागेना. पस्तीस वर्षे आम्ही वर्गात 'नाम आणि नामी' शिकवले. आणि एका बापाने नावाविषयी साधा प्रश्न विचारला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते! तेव्हा आज ते उत्तर शोधू. जरा लांबून येऊ, पण येऊ.

सुरुवात समोरच्या गडापासून करू. याला आपण सगळे तिकोणा म्हणतो. आकार त्रिकोणी, म्हणून तिकोणा. हे नाव कुणी ठेवले नाही, डोळ्यांनी ठेवले. १६५७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी हा भाग घेतला आणि गडाला नवे नाव मिळाले, वितंडगड. शेजारचा तुंग झाला कठीणगड, तिकडचा तोरणा झाला प्रचंडगड, रोहिडा झाला विचित्रगड. आमच्यासारख्या न्यायशास्त्र वाचलेल्या माणसाला 'वितंड' ऐकले की गौतमाची वितंडा आठवते. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची बाजू फक्त मोडत राहायची, ती वितंडा. गडाचेही काम तेच की. येणाऱ्याला मोडायचे, स्वतः जागेवर उभे राहायचे. असो, हा आमचा विनोद झाला. मुद्दा असा की गडाला दोन नावे होती, एक घरचे आणि एक दरबारचे. दरबारचे नाव कागदात भारदस्त दिसले, पण गुराख्याच्या तोंडी तिकोणाच राहिला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हा गड गेला, पुन्हा स्वराज्यात आला, पुढे इंग्रजांकडे गेला. हाक मात्र एकच, तिकोणा.

माणसाचेही असेच असते का? तेच आज बघायचे आहे.

तुम्ही इकडे येताना कामशेतहून पवनानगरचा रस्ता धरला असेल, तर वाटेत बेडसे लागले. वरती लेणी आहेत. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लहानसा लेख आहे. एका बाईने ते टाके दान दिले. तिचे नाव सामडिनिका. ती महारठिनी आहे, महाभोजाची मुलगी आहे, आपदेवणक याची बायको आहे. एवढ्याशा लेखात तिचे स्वतःचे नाव, माहेर, सासर आणि मान, सगळे आले. आणि नाव पुसलेले नाही बरं का! 'अमक्याची बायको' एवढ्यावर तिची बोळवण झालेली नाही.

तिथून कार्ल्याला जा. चैत्यगृहाबाहेरचा सिंहस्तंभ ज्याने दिला, तो महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणक. गोतीचा पुत्र, म्हणजे आईच्या नावाने ओळखलेला. त्याच लेण्यात एका गृहस्थाच्या आईचे दान आहे, तिचे नाव भायिला. वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाच्या सातव्या वर्षी लेण्यांना गाव दिल्याची नोंद आहे. देणारा वासिष्ठीपुत्र सोमदेव, त्याचा बाप कौशिकीपुत्र मितदेव. बापाची ओळखसुद्धा त्याच्या आईवरून! तिथल्याच एका राजाज्ञेत 'मामाळ' हे नाव येते. तेच आपले मावळ. म्हणजे या मातीतले सर्वांत जुने लिहिलेले नावांचे दप्तर डोंगरात कोरलेले आहे आणि त्यात आया मानाने बसलेल्या आहेत. हे ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

या नावांत एक लकब दिसते. आपदेवणक, अग्निमित्रणक, महादेवणक. मूळ नावे आपदेव, अग्निमित्र, महादेव, आणि शेवटी 'णक'. ही शेपटी मान दाखवणारी. आजच्या भाषेत सांगायचे तर राव. पाळण्यात कुणी 'अग्निमित्रणक' अशी हाक मारली नसणार. माणूस मोठा झाला, तसे नावही मोठे झाले.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. आपला समज असा, की जुन्या काळी एक नाव ठेवायचे आणि संपले. तसे नव्हते. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाला दोन नावे सांगितली आहेत. एक व्यवहाराचे. दुसरे 'अभिवादनीय', म्हणजे गुरूला नमस्कार करताना स्वतःचे म्हणून सांगायचे. हे दुसरे नाव मुंज होईपर्यंत फक्त आईबापांना ठाऊक असायचे. बघा, लहानपणाचे नाव वेगळे, कळत्या वयाचे वेगळे, आणि कळत्या वयाचे नाव आईबाप जपून ठेवायचे, एखादा दागिना ठेवावा तसे. पुढच्या धर्मग्रंथांत तर चार नावे झाली: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. पत्रिकेतले नाव आणि शाळेतले नाव आपण आजही वेगळे ठेवतो, ते याच वळणाने. भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या सगळ्या विधींची सविस्तर छाननी केली आहे.

पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरण का शिकावे, याची कारणे सांगताना एक कारण चक्क बारशाचे दिले आहे. दहा दिवस झाल्यावर बापाने नाव ठेवावे. सुरुवातीला घोषवर्ण असावा, मध्ये य-र-ल-व यांपैकी एक असावा, नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, वाडवडिलांच्या तीन पिढ्यांशी नाते सांगणारे असावे आणि शत्रूच्या घरात रूढ असलेले नसावे. आजचे आईबाप मोबाइलवर नावे शोधताना हेच तर करतात! लहान हवे, उच्चाराला सोपे हवे, आजोबांची आठवण हवी आणि शेजारच्या भांडकुदळ माणसाचे नको. दोन हजार वर्षांत माणसाचे मन फारसे बदललेले नाही.

आता आमच्या विषयाकडे थोडे वळू द्या, फार वेळ घेत नाही.

व्याकरणकार शब्दांचे चार प्रकार करतात: जातीचा शब्द, गुणाचा, क्रियेचा आणि चौथा यदृच्छाशब्द, म्हणजे कुणीतरी मनाने ठेवलेले नाव. त्याचे ठरलेले उदाहरण 'डित्थ'. अर्थ काही नाही, डित्थ नावाचा एक कुणीतरी. मग प्रश्न येतो, डित्थ हा शब्द नक्की कुणाला लागू होतो? रांगणाऱ्या मुलाला, की मिसरूड फुटलेल्या पोराला, की काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याला? शरीर तर प्रत्येक वेळी वेगळे. महाभाष्यावर टीका लिहिणारा कैयट याचे सुंदर उत्तर देतो. जन्मापासून शेवटापर्यंत बाल्य, तारुण्य अशा अवस्था बदलत गेल्या तरी 'हा तोच' अशी ओळख पटत राहते. त्या ओळखीच्या मुळाशी जे काही आहे, 'डित्थपणा' म्हणा, ते नावाचा अर्थ.

बौद्धांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने घेतला. मिलिंद राजा नागसेन भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू सांगतो, नागसेन म्हणतात, आईबाप शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, सिंहसेन ठेवतात, तो सगळा व्यवहार आहे. पुढे राजा विचारतो, पाळण्यातला तू आणि आजचा तू एकच का? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही, रात्रभर जळणाऱ्या दिव्यासारखा. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे, तरी दिवा एकच. विसाव्या शतकात अमेरिकेत सॉल क्रिपके यांनी १९७० साली नावावर तीन व्याख्याने दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नाव हे माणसाचे वर्णन नसते. एकदा बारसे होते आणि मग एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी हाकेची साखळी चालू राहते. ती साखळी म्हणजे नाव.

हाकेची साखळी. हा शब्द आज घरी घेऊन जा. कारण आम्हाला वाटते की नाव चांगले की वाईट, हे शब्दकोशातल्या अर्थावर ठरते त्याहून जास्त ते कोण, कशी हाक मारतो यावर ठरते. आणि इथून आपला खरा इतिहास सुरू होतो.

मराठीने या जोडप्याचा प्रश्न फार पूर्वी आपल्या पद्धतीने सोडवला होता. नाव एकच, ते वयाबरोबर वाढायचे. 'राम' घ्या. पाळण्यात रामू. शेजारपाजारी राम्या. लग्न झाले की रामभाऊ. चार पैसे हाती आले की रामराव. लिहिता-वाचता ब्राह्मण असेल तर रामचंद्रपंत, वारकरी असेल तर रामजीबुवा, सगळ्यांत म्हातारा झाला की रामबाबा. बियाणे एक, रोपाला पाने वेगवेगळी. 'नाव दोन्ही वयांना शोभेल का?' असा प्रश्न आपल्या पणजोबांना पडलाच नसता.

पण मंडळी, ही सोय सगळ्यांसाठी नव्हती. कुणाच्या नावापुढे 'राव' लागणार आणि कुणी साठीला आला तरी 'राम्या'च राहणार, हे वय ठरवत नव्हते, जात ठरवत होती. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराला 'आबासाहेब' म्हणायचे आणि त्याच वाड्यावर राबणाऱ्या साठीच्या म्हाताऱ्याला त्या पोराने 'अरे धोंड्या' अशी हाक मारायची. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे, कानांनी ऐकले आहे. आणि त्या वेळी त्यात आम्हाला काही खटकले नाही, हेही कबूल केले पाहिजे. पिकलेल्या केसांच्या माणसाचे नाव पाळण्यातच अडकवून ठेवायचे, ही एक शिक्षा होती. न मारता दिलेली.

कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत. त्यांतल्या कितीतरी नावांचा शेवट 'नाक' असा होतो. महार शिपायांची ती नावे. बेडशाच्या लेखातला 'णक' आणि हा 'नाक' यांचा आवाज सारखा आहे. त्यावरून घाईने वंशावळ काढायचा मोह आम्ही आवरतो. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की गावात ज्यांना कुणी सन्मानाची शेपटी लावत नव्हते, त्यांची नावे पलटणीच्या दप्तरात पूर्ण लिहिली गेली, दगडात कोरली गेली.

आणि मग साताऱ्याचे दप्तर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. भिवा! भीमाचे घरगुती रूप. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवाचा भीमराव झाला, डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला आणि लोकांनी त्याला बाबासाहेब केले. विचार करा, जुन्या गावगाड्यात हा मुलगा राहिला असता तर सत्तराव्या वर्षीही भिवाच राहिला असता. नाव तेच. साखळी बदलली. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर घराघरांतले पाळणे बदलले. मिलिंद, राहुल, गौतम, सिद्धार्थ, सुजाता. या नावांना 'राव' लावायची गरजच ठेवली नाही. ती पाळण्यातच ताठ उभी होती. नावांच्या इतिहासात याहून मोठी घटना महाराष्ट्रात आम्हाला दिसत नाही.

आता जरा हलके बोलू. घरचे नाव आणि बाहेरचे नाव यांची आपल्याकडे कशी गंमत होते पाहा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत. पण सून सासऱ्याचे नाव उच्चारणार कशी? मग ती पोराला नाना म्हणायची, आप्पा म्हणायची, बापू म्हणायची. तेच रूढ व्हायचे. थोरल्या बाजीरावांचे मूळ नाव विसाजी, चिमाजी आप्पांचे अंताजी. नाना फडणवीस कागदोपत्री बाळाजी जनार्दन. या नावांनी आज हाक मारली तर इतिहासाचे विद्यार्थीसुद्धा चटकन वळून बघणार नाहीत.

टिळकांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म, नाव ठेवले केशव. घरात म्हणायचे बाळ. केशव राहिले पोथीत आणि बाळ गंगाधर टिळक हे नाव राजद्रोहाच्या खटल्यात पुकारले गेले. मोठेपणी शोभेल असे नाव शोधणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. 'बाळ' याहून अधिक पाळण्यातले नाव कोणते? आणि त्या नावाला साम्राज्य वचकून होते. त्याच मराठीत 'बाळासाहेब' असे नाव होऊ शकते, म्हणजे अर्धे पाळण्यात आणि अर्धे खुर्चीवर. आपणच तान्ह्याला आबा, दादा, बापू म्हणतो आणि ऐंशीच्या म्हाताऱ्याला बाळू. वय आणि नाव यांची जोडी आपण कधी गंभीरपणे घेतलीच नाही, हे एक बरे झाले.

पण हे सगळे पुरुषांचे झाले. बायकांचे काय?

बायकांचे नाव वाढत नव्हते, ते तुटत होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहायचे आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलीला सांगायचे, आजपासून तू ही. डॉक्टर आनंदीबाई जोशी जन्मल्या यमुना म्हणून, १८६५ साली. रमाबाई रानडे जन्मल्या यमुना म्हणून, १८६२ साली. दोघी यमुना, एक आनंदी झाली, दुसरी रमा. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका. झाशीची राणीही मणिकर्णिका, तीही लक्ष्मीबाई. गोदूबाई या बालविधवेने १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्यांचे नाव झाले आनंदीबाई. बरे-वाईट काय ते बाजूला ठेवा. पण कैयटाचा 'हा तोच' हा धागा इथे कुणीतरी हाताने तोडलेला आहे. यमुनेच्या खेळगड्यांनी मारलेली हाक अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाईपर्यंत कशी पोचायची? या मुलींचे बालपणाचे नाव मोठेपणी शोभत नाही असे नव्हे. त्यांना ते मोठेपणी न्यायची परवानगीच नव्हती.

आणि याहून खालची एक पायरी आहे. तिथे आम्हाला जरा थांबायचे आहे.

आपल्याकडे मुले जगत नसली की मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवत. दगडू, धोंडू, भिकू, उकिर्डा, केरू. काळाची नजर पडू नये, त्याला वाटावे की हे टाकाऊ आहे. 'धोंडू' अधिक महिन्यातल्या, धोंड्याच्या महिन्यातल्या मुलालाही ठेवत, ते वेगळे. पण बाकीच्या नावांच्या पोटात माया होती. दगड म्हणायचे ते दगडासारखे टिकावे म्हणून. आपले धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले आणि शंभरीत भारतरत्न झाले!

मुलींच्या बाबतीत मात्र शब्द तसाच, पोटातला अर्थ उलटा. तिसरी-चौथी मुलगी झाली की नाव ठेवायचे नकुशा, नकुशी, नकोशी. ते काळाला फसवायला नव्हते. ते देवाला कळवलेले होते: आता पुरे, मुलगा दे. दगडूच्या नावात 'तू राहा' होते. नकुशीच्या नावात 'तू कशाला आलीस' होते.

२०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधायचे काम झाले आणि २२ ऑक्टोबरला साताऱ्यात २८५ मुलींना समारंभाने नवी नावे आणि तसे दाखले देण्यात आले. जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. म्हणजे ज्यांचे नाव नकुशी ठेवले त्या निदान जन्मल्या तरी, असे म्हणायची वेळ. त्या मुलींनी नवे नाव घेतले, कुणी नटीचे, कुणी देवीचे. हसू नका. शाळेत हजेरी घेताना रोज 'नको असलेली' अशी हाक येणे आणि त्यावर आपणच उभे राहून 'हजर' म्हणणे, हे एकदा मनात करून बघा.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमची थोरली आत्या याच नावाची होती. पूर्ण नाव इथे घेत नाही. ती वडिलांची चौथी बहीण, तिच्या पाठीवर आमचे वडील झाले, म्हणून घरात तिचे नाव 'फळले' असे मानत. आणि दैवाचा खेळ असा, की बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आम्हा पाचही भावंडांच्या कानात 'कुर्र' करून नाव तिने सांगितले. पाठीत धपाटे तिने खाल्ले. आमच्या घरातली सगळी चांगली नावे एका नकोशीच्या तोंडून आली.

आम्ही पुण्यात शिकलो, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतली, नावावर प्रबंधाचे एक प्रकरण लिहिले. आत्याच्या नावाचा विचार एकदाही केला नाही. पुढे तिच्या म्हातारपणी एका कचेरीत पेन्शनच्या कागदासाठी तिला घेऊन गेलो. कारकुनाने नाव मोठ्याने वाचले आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसले. ती हलली नाही, आम्हीच शरमलो. परत येताना म्हणालो, "आत्या, नाव बदलून घेऊ. राजपत्रात छापून येतं, अवघड नाही." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बदलशील रे. पण नव्या नावानं हाक कोण मारणार? ज्यांनी मारायची ते सगळे गेले."

क्रिपके, कैयट, नागसेन, सगळे त्या एका वाक्यात होते. हाकेची साखळीच संपली, तर नवे नाव कुणाच्या तोंडी जाणार? साताऱ्याच्या त्या मुलींना नाव वेळेवर मिळाले. पुढे हाक मारायला पन्नास-साठ वर्षे आणि शेकडो माणसे होती. आत्याला ते मिळायला हवे होते सहाव्या वर्षी, आणि आम्ही विचारले सत्त्याहत्तराव्या वर्षी.

आता कायद्याचे दोन शब्द, कारण ते उपयोगाचे आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात मुलाची जन्मनोंद नावाशिवायही करता येते. नाव नंतर घालता येते, पहिले वर्षभर फी न भरता आणि पुढे विलंब शुल्क भरून नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा बारशाच्या घाईत कसेतरी नाव दाखल्यावर चढवायची गरज नाही. उलट आता ते जपूनच चढवावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्यावर 'सोनू' लिहिले तर साठीतही सोनूच.

आणि दुसरी गोष्ट. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर असे लिहायचे: मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. लोकांना हे फार नवीन वाटले. आम्हाला बेडसे-कार्ल्याची लेणी आठवली. गोतिपुत्र, वासिष्ठीपुत्र, कौशिकीपुत्र. दोन हजार वर्षांनी आई दाखल्यावर परत आली. छांदोग्यातला सत्यकाम गुरूने गोत्र विचारल्यावर आईचेच नाव सांगतो, जबालेचा मुलगा जाबाल, आणि गुरू त्याला खरे बोलणारा म्हणून पदरात घेतो. आपली परंपरा शोधायची तर अशीही सापडते.

तर आता त्या जोडप्याचे उत्तर. ते आज आले आहेत, मागे बसलेत. मुलगी रडत नाही, म्हणजे व्याख्यान बरे चालले असावे.

नाव ठरवताना तीन गोष्टी करून बघा. एक, दारात उभे राहून संध्याकाळी पोराला घरात बोलवावे तशी मोठ्याने हाक मारा. जीभ अडखळली तर नाव सोडा. दोन, तेच नाव दवाखान्यात किंवा कोर्टात अनोळखी माणूस पुकारतोय असे ऐका. तीन, सत्तर वर्षांची एक बाई हे नाव सांगून कुणाला आशीर्वाद देते आहे असे डोळ्यांपुढे आणा. या तिन्ही जागी नाव उभे राहिले, तर ठेवा. अर्थ संस्कृतात काय होतो, ते चौथ्या नंबरावर.

पण खरे काम त्यानंतरचे आहे. नाव दोन्ही वयांना शोभते का, हे नुसत्या नावाच्या हातात नसते. 'बाळ' शोभले, 'भिवा' शोभला, 'धोंडो' शोभला. आणि कितीतरी सुंदर नावे आपण 'ए' आणि 'अगं' म्हणून फुकट घालवली. तुमच्या मुलीला घरात लाडाने काय म्हणायचे ते म्हणा. पण चारचौघांत, तिच्या शाळेत, तिच्या लग्नात, तिच्या कचेरीत तिचे नाव पूर्ण घ्या आणि मानाने घ्या. तिने ते मोठेपणी आपल्याबरोबर न्यावे, कुणी ताटातल्या तांदळावर पुसू नये. आणि शेजारच्या घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईचेही नाव तसेच घ्या. कारण तुमची मुलगी हाक मारायला तुमच्याकडूनच शिकणार आहे.

आत्या गेली तेव्हा दशक्रियेच्या पत्रिकेवर काय नाव छापायचे, यावर घरात वाद झाला. कुणी म्हणाले, छानसे काहीतरी छापा, आता कोण विचारतंय. आम्ही नको म्हणालो. तिचे होते तेच नाव छापले आणि पुढे 'बाई' लावले. सबंध आयुष्यात पहिल्यांदा. फार उशीर झाला होता. एवढेच आमच्या हातात होते.

बारसे परवा आहे, असे कळले. आत्या कोण आहे मुलीची? तुम्ही का? या पुढे. नाव सांगाल तेव्हा सावकाश सांगा, पुटपुटू नका. तिला ते पुढे फार वर्षे वापरायचे आहे.